स्टोल आणि खड्यांचे दागिने : गळ्याशी कुणाला किती जागा

स्टोल आणि खड्यांचा दागिना एकत्र घालायचा म्हटलं की बहुतेकजणी रंगापासून सुरुवात करतात. हिरवा स्टोल, म्हणून हिरव्या खड्यांचा सेट. रंग जुळतो, तरी आरशात पाहिल्यावर गिचमीड वाटते. कारण सोपं आहे. दोघांनाही हवी असते ती एकच वीतभर जागा, हनुवटीपासून छातीच्या मध्यापर्यंतची. तिथे कापडाच्या चुण्या, काठ, जर आणि गोंडे असतात. त्यावर माळ येते, वरून कानातले लोंबतात आणि बऱ्याच जणींच्या गळ्यात मंगळसूत्रही असतं. म्हणून मी रंग सगळ्यात शेवटी बघते. आधी जागा, मग कापडाचा पोत, मग खड्याची चमक आणि त्यानंतर रंग. हा क्रम पाळला तर घरात आधीपासून असलेल्या वस्तूंमधूनच छान पेहराव उभा राहतो.

गळ्यात आधीच काय आहे?

ड्रेस किंवा साडी, स्टोल आणि दागिने खिडकीजवळ पलंगावर एकत्र मांडा. दिवसाच्या उजेडात मांडा, ट्यूबलाइटखाली नको.

मग गळ्याशी कायमच्या असणाऱ्या गोष्टी मोजा. मंगळसूत्र ही एक पूर्ण माळ आहे, हे आपण रोजच्या सवयीमुळे विसरतो. लांब, दोन वाट्यांचं मंगळसूत्र असेल तर गळ्याच्या मधली उभी रेषा त्याने घेतलेली असते. त्यावर दुसरी लांब माळ घालू नका. स्टोलची दोन्ही टोकं पुढे मोकळी सोडा, मधल्या पट्टीत मंगळसूत्र दिसू द्या आणि खडे कानात आणि बोटात ठेवा. मंगळसूत्र आखूड असेल तर स्टोल एका खांद्यावर घ्या, म्हणजे गळा झाकला जात नाही.

दुसरी कायमची गोष्ट म्हणजे ग्रहासाठी घातलेली अंगठी. तर्जनीतला पुष्कराज, मधल्या बोटातला नीलम, अनामिकेतलं पोवळं किंवा माणिक, करंगळीतला पाचू. ही अंगठी सहसा कार्यक्रमापुरतीही काढली जात नाही. तेव्हा तीच मुख्य खडा धरून पुढे चला. बोटात पिवळा पुष्कराज असेल तर गळ्यात जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि कानात फिरोजा नको. पुष्कराज, मोती आणि सोनं एवढ्यावर थांबा.

आता कपड्याचा गळा. कॉलर किंवा बंद गळा असेल तर चोवीस ते तीस इंचांची लांब माळ कपड्यावरून येऊ द्या आणि स्टोल एका बाजूला घ्या. व्ही गळ्याला अठरा इंचांच्या आसपासची साखळी आणि एकच पदक चांगलं दिसतं. खांद्यापासून खांद्यापर्यंत आडव्या जाणाऱ्या बोट नेक गळ्याला माळ नकोच, कारण तिथे कापडाची आडवी रेषा आधीच आहे. तिला मोठे कानातले हवेत.

स्टोलचं माप आणि घेण्याची पद्धत

बाजारात स्टोल म्हणून मिळणारं कापड साधारण अठ्ठावीस इंच रुंद आणि ऐंशी इंच लांब असतं. शाल त्याच लांबीची, पण चाळीस इंच रुंद. ओढणी सव्वादोन ते अडीच मीटर आणि चौकोनी रेशमी स्कार्फ साधारण छत्तीस इंचांचा. दागिना कुठे जाणार हे या मापांवरच बरंचसं ठरतं.

स्टोलचा गळ्याभोवती वेढा घेतला की गळा कापडाचा झाला. इथे माळ पूर्ण काढून टाका. कानात लोंबते झुबेही नकोत, कारण ते कापडावर टेकतात आणि मान वळवली की अडकतात. कानातल्याचं टोक आणि कापडाची वरची कड यांत दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे, हे माझं ठरलेलं माप आहे. वेढ्याबरोबर मोत्यांची कुडी किंवा एका खड्याचे टॉप्स घ्या आणि हातात एक ठसठशीत अंगठी.

एका खांद्यावरून सोडलेला स्टोल खड्यांच्या माळेसाठी सगळ्यात सोयीचा, कारण गळ्याची एक बाजू पूर्ण मोकळी राहते. खांद्यावर कापड सरकू नये म्हणून ब्रोच लावायचा असेल तर तो जाड सुती किंवा लोकरीच्या कापडावरच लावा. बारीक रेशमावर ब्रोचची सुई कायमचं भोक पाडते. तिथे चुंबकाचा ब्रोच बरा, पण पेसमेकर असलेल्यांनी तो छातीजवळ अजिबात वापरू नये.

चौकोनी स्कार्फ तिरका दुमडून पट्टी केली आणि गळ्याशी गाठ मारली की त्याचाच चोकर होतो. शर्टावर हे फार देखणं दिसतं. थोडं वेगळं काही हवं असेल तर या पट्टीबरोबर मोत्यांचा किंवा गुळगुळीत अकीकच्या (अगेट) मण्यांचा एक सर पीळ देऊन गुंफा आणि दोन्ही मिळून गळ्यात घ्या. मणी गोल आणि भोकाशी नीट घासलेले असले पाहिजेत. पैलूदार मणी रेशमाचे धागे ओढतात.

शेला किंवा शाल पाठीवरून घेऊन दोन्ही कोपरांवर सोडली की गळा पूर्ण रिकामा होतो. लग्नात तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांचे सर हे सगळं हौसेने घालायचं असेल तर हीच पद्धत निवडा. मात्र तेव्हा तोडे आणि खड्यांच्या बांगड्या शालीच्या आत जातात आणि धागे ओढतात. गळा भरलेला असेल तर हातात गुळगुळीत पाटल्या घाला.

कापडाचा पोत आणि खड्याचं कोंदण

दागिन्याने कापड फाटणं आणि कापडाने दागिना तुटणं, दोन्ही अगदी नेहमी घडतं. यातलं बरंचसं नुकसान दागिना निवडतानाच टाळता येतं.

खडा दोन मुख्य प्रकारे बसवतात. एका प्रकारात, म्हणजे सपाट कोंदणात, धातूची पट्टी खड्याच्या कडेने पूर्ण फिरते. दुसऱ्यात चार-सहा बारीक दाते खड्याला वरून धरून ठेवतात. दात्यांच्या बसवणुकीत प्रकाश जास्त आत शिरतो, म्हणून पैलूदार खडे तिच्यात उठून दिसतात. पण हेच दाते कापडात अडकतात. परीक्षा घरीच करा. कापसाचा बोळा दागिन्यावरून हलक्या हाताने फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतात तिथे स्टोलही अडकणार. दाता वर आलेला असेल तर सराफाकडून दाबून घ्या, नाहीतर एक दिवस खडाच निखळेल.

कापडातही फरक आहे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूत सुती-रेशमी विणीवर जास्तीच्या बाण्याने (आडव्या धाग्याने) नक्षी उठवतात आणि ते धागे मागच्या बाजूला मोकळे राहतात. त्यामुळे ते कापड अंगाला मऊ लागतं, पण अंगठीचा दाता त्या धाग्यांत लगेच शिरतो. हिमरूबरोबर सपाट कोंदणातले दागिनेच घ्या आणि स्टोल सारखा करताना अंगठीचा हात वापरू नका. हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच सुबक दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच गुंफलेला असतो. यंत्रावरच्या पैठणी स्टोलला मागे धाग्यांचे लांब टाके किंवा कापलेली टोकं दिसतात. असा स्टोल घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्याला आतून पातळ अस्तर लावून घ्या. पश्मिन्याचा तंतू तर माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. त्याच्याजवळ फक्त गोल मणी आणि मोती.

चमक कुणाची?

सगळ्यात जास्त विचार इथे करावा असं मला मनापासून वाटतं, आणि इथेच फार थोडे लोक करतात.

माणिक, पाचू, अ‍ॅमेथिस्ट, गार्नेट, टोपाझ हे पारदर्शक खडे पैलू पाडून घेतले की प्रकाश परत फेकतात. फिरोजा, पोवळं, लाजवर्द (गडद निळा लॅपिस लाझुली), अकीक, ओनिक्स हे सहसा घुमटाकार घासलेले असतात. ते चमकत नाहीत, रंग दाखवतात. मोती आणि चंद्रकांत मणी यांची तिसरीच तऱ्हा. त्यांचा उजेड आतून आल्यासारखा, दुधाळ.

कापडाचंही तसंच आहे. रेशीम, साटीन आणि जरीचे धागे प्रकाश फेकतात. खादी, मलमल, लोकर तो शोषतात. चमकत्या कापडाला मंद खडा आणि मंद कापडाला पैलूदार खडा द्या. जरीच्या स्टोलवर पैलूदार खड्यांचा मोठा हार घातला की नजर एका जागी ठरत नाही आणि दोन्ही महागाच्या वस्तू एकमेकींना मारतात. तोच हार काळ्या किंवा राखाडी खादीच्या स्टोलशेजारी घालून बघा. खडा न खडा वेगळा दिसेल.

पैठणीबरोबर मोती पिढ्यान्‌पिढ्या शोभत आले आहेत, त्यामागेही हेच आहे. पैठणीचं रेशीम आणि जर आधीच लखलखतात. मोत्यांचे सर त्या लखलखाटाला शांत करतात. तन्मणीच्या मधल्या खोडात (पदकात) लाल-हिरवे खडे असतात ते थोडेच, आणि पैठणीच्या काठावरच्या मुनियाच्या (पोपटाच्या नक्षीच्या) पोपटी-लाल रंगाशी त्यांचं छान जमतं. हेच प्रमाण नव्या दागिन्यातही धरा : मोती किंवा मंद मणी भरपूर, चमकता खडा एखादाच.

धातूचाही विचार हवा. सोनेरी जर असेल तर सोनं किंवा सोन्याचा मुलामा, रुपेरी जर असेल तर चांदी किंवा पांढरं सोनं. जरीकाम अजिबात नसेल तर हवा तो धातू घ्या. खणाच्या किंवा अजरखच्या (कच्छच्या ठशांच्या छपाईच्या) स्टोलवर मला काळपट केलेली चांदीच आवडते. त्या कापडांच्या मातकट, गडद रंगांजवळ पिवळंधमक सोनं उपरं वाटतं.

आता रंग

स्टोलमधला सगळ्यात जास्त पसरलेला रंग सोडून द्या. त्यात सगळ्यात कमी असलेला रंग शोधा आणि खडा त्या रंगाचा घ्या. या एका सवयीने निम्मं काम होतं. निळ्या स्टोलवर निळा नीलम विरघळून जातो. त्याच स्टोलच्या किनारीत विटकरी रंगाची बारीक रेघ असेल तर तांबूस अकीक घातल्याबरोबर ती रेघही दिसू लागते आणि खडाही.

कच्छच्या अजरखचंच उदाहरण घ्या. निळीचा गडद निळा, मंजिष्ठेचा लाल, काळा आणि अधूनमधून राखलेला पांढरा. ठसे भरगच्च असल्यामुळे इथे बारीक नक्षीचा दागिना हरवतो. मोठे, साधे मणी हवेत. निळा जास्त असेल तर अकीक, लाल जास्त असेल तर लाजवर्द. खंभातचा तांबूस अकीक हा तर अजरखचा जुना शेजारी, दोघेही गुजरातचे. हा दगड दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत तयार होतो. मुळात फिकट असलेला खडा तापवला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो. तोही मातीचाच रंग, म्हणून मंजिष्ठेच्या लालाशी त्याचं पटतं.

बांधणीवर ठिपक्यांची गर्दी असते. तिथे बारीक मण्यांची माळ म्हणजे ठिपक्यांवर ठिपके. एकच मोठं पदक घ्या किंवा फक्त कानातले. फुलकारीला तर गळ्यात काहीच नको, तिचं भरतकाम पुरेसं आहे. एकरंगी स्टोल असेल तर मोकळं रान मिळतं. मोरपंखी रंगावर पोवळं, राणी रंगावर पाचू, मोहरीच्या पिवळ्यावर अ‍ॅमेथिस्ट, पांढऱ्या मलमलीवर फिरोजा. काळ्या स्टोलवर गर्द गार्नेट मात्र टाळा. मोठा आणि गडद गार्नेट मंद उजेडात जवळजवळ काळा दिसतो. हवाच असेल तर लहान खड्यांचा घ्या, लहान खड्यात लाल खुलून दिसतो.

उजेडाचीही परीक्षा करा. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली माणिक, गार्नेट आणि पोवळं उजळतं, निळा नीलम काळवंडतो. ऑफिसच्या पांढऱ्या एलईडीत निळे आणि जांभळे खडे खुलतात. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर घरात पिवळा दिवा लावून एकदा आरशात बघून घ्या.

काही पूर्ण पेहराव

ऑफिससाठी : राखाडी किंवा ऑफव्हाइट सुती कुर्ता, इंडिगो मलमलीचा स्टोल एका खांद्यावर, चांदीत बसवलेला लाजवर्दचा एकच मोठा खडा अठरा इंचांच्या साखळीत आणि कानात छोटे चांदीचे गोल. लॅपटॉपवर काम करताना घड्याळ आणि अंगठी दोन्ही डाव्या हातात नकोत, स्टोलचं टोक तिथेच अडकतं.

घरच्या समारंभासाठी : साधी, बुट्टी नसलेली चंदेरी विणीची साडी किंवा कुर्ता, त्यावर पैठणी काठाचा स्टोल, मोत्यांची कुडी, मोत्यांचा एक सर. नथ घालणार असाल तर कान हलके ठेवा. नथीतही मोती आणि लाल-हिरवे खडे असतात, चेहऱ्याजवळ तेवढं पुरे.

परदेशातल्या थंडीत कोटावर स्कार्फचा वेढा असतोच, त्यामुळे माळ दिसायची सोयच नाही. तिथे कोटाच्या कॉलरवर ब्रोच लावा, स्कार्फवर नको. खोलीत शिरल्यावर कोट आणि स्कार्फ दोन्ही निघतात, म्हणून आतल्या स्वेटरवर लांब माळ आधीच घालून ठेवा. लोकरीच्या जाड विणीवर अंबर, अकीक किंवा टायगर आय खुलतात.

पुरुषांसाठी थोडं. कुर्त्यावर उपरणं किंवा स्टोल घेतला तर मोत्यांची माळ किंवा खड्यांची बटणं, यापैकी एकच. फेट्याला शिरपेच लावला असेल तर त्यातल्या खड्याचा रंग उपरण्याच्या काठात शोधा.

महाराष्ट्रातल्या खड्यांविषयीही सांगायलाच हवं. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या बेसाल्टमध्ये अपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे अप्रतिम स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. हल्ली त्यांची पदकंही मिळतात. काचेसारखा पारदर्शक किंवा फिकट हिरवा अपोफिलाइट साध्या पांढऱ्या खादीच्या स्टोलवर अतिशय सुंदर दिसतो. पण हे स्फटिक मऊ आणि ठिसूळ असतात, अपोफिलाइट तर एका दिशेने सहज चिरतो. त्यांची अंगठी करू नका. पदक घातलं तर त्याच साखळीत दुसरं काही अडकवू नका.

घालण्याचा आणि काढण्याचा क्रम

आधी क्रीम, पावडर आणि अत्तर. ते वाळू द्या. मग कपडे, मग माळ, मग स्टोल आणि सगळ्यात शेवटी कानातले आणि अंगठ्या. घरी आल्यावर बरोबर उलट : आधी अंगठ्या आणि कानातले, मग स्टोल. दागिने अंगावर असताना स्टोल ओढून काढला की झुब्याचा हुक आणि धागा दोन्ही जातात.

अत्तर आधी लावायचं कारण मोती आणि पोवळं. दोन्ही पाण्यातल्या जिवांपासून आलेली, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची. घाम आणि अत्तरातल्या रसायनांनी त्यांचं तेज जातं. फिरोजा सच्छिद्र असतो, तोही तेल आणि क्रीम शोषून हिरवट पडतो.

दुचाकीवरचा स्कार्फ वेगळाच ठेवा. पुण्यात तोंड, कान, गळा बांधून गाडी चालवायची सवय सगळ्यांना आहे. तो स्कार्फ सुती, धुण्याजोगा असू दे आणि त्याखाली हुकाचे कानातले घालू नका. फिरकीचे टॉप्स घाला किंवा कानातले डबीत ठेवून पोचल्यावर घाला. हेल्मेटच्या पट्ट्यात झुबा अडकला तर कानाची पाळी फाटू शकते.

ठेवण्याची पद्धत

खड्यांचा कठीणपणा मोहस मापात मोजतात. हिरा 10, माणिक आणि नीलम 9, टोपाझ 8, अ‍ॅमेथिस्ट 7, अकीक त्याच्याच आसपास, फिरोजा 5 ते 6, पोवळं आणि मोती 3 ते 4 च्या आगेमागे. आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, म्हणजे 7. कोरड्या फडक्याने मोती आणि पोवळी खसाखसा पुसली तर ही धूळच त्यांच्यावर ओरखडे काढते. ओलसर मऊ कापडाने हलकं टिपा. माणिकाचा हार आणि मोत्यांचे सर एका डबीत कधीही ठेवू नका.

पाचूच्या बारीक चिरांमध्ये बहुधा तेल भरलेलं असतं. म्हणून तो गरम पाण्यात किंवा सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका. अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग कडक उन्हात दीर्घकाळ राहिला तर फिका पडतो. मोती पूर्ण हवाबंद पिशवीत कोरडे पडतात, मलमलीच्या पिशवीत ठेवा. सर रेशमी दोऱ्यात ओवलेला असेल तर दोरा सैल किंवा मळका दिसू लागताच पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्या आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगा. मग सर तुटला तरी मोती घरभर सांडत नाहीत.

जरीचा स्टोल हँगरवर लटकवू नका. मलमलीत गुंडाळून ठेवा, काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. जरीवर थेट अत्तर मारू नका आणि डांबरगोळी तिला टेकू देऊ नका. स्टोलचा धागा ओढला गेलाच तर तो कापू नका. बारीक सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या आणि कापड तिरकं हलकेच ताणा, बहुतेक वेळा धागा परत विणीत बसतो.